आशाच्या कामात मोबाईल कसा वापरायचा (नवीन लागलेल्या ताईंसाठी)

पहिलं काम म्हणजे कॉन्टॅक्ट नीट सेव्ह करा. नुसतं सुनीता लिहिलं तर गावात पाच सुनीता निघतात. मी "ग मार्च सुनीता वस्ती" असं टाकते, ग म्हणजे गरोदर अन मार्च म्हणजे बाळंतपणाच्या तारखेचा महिना, मग मार्च लागला की सर्चमधे "ग मार्च" टाकलं की सगळ्याजणी समोर. बाळंत झाली की ग चा बा करायचा. टीबी वगैरे मात्र नावापुढे लिहू नका, घरी आपला फोन पोरांच्याच हातात असतो.

नंबर कोणाचा ते पण विचारून घ्या. आमच्याकडं बीडला अर्धी घरं ऊसतोडीची, फोन नवऱ्याकडं अन नवरा फडात. आभा कार्ड (सरकारी आरोग्य ओळखपत्र) काढायला बसलं की ओटीपी जातो आधारला लिंक असलेल्या नंबरवर. मी एकाला फोन करून ओटीपी मागितला तर "फ्रॉडवाली दिसतीय" म्हणून कटच केला त्यानं, आणि बरोबरच केलं म्हणा. तेव्हापासून बायकोलाच बोलायला लावते.

ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आधी लसीकरणाच्या कार्डाचे फोटो काढून घ्या आणि तिच्या घरच्यांच्या फोनवर पण पाठवा, कारण कार्ड हमखास घरी पेटीत राहतं अन तिकडच्या सिस्टर विचारतात कोणता डोस झालाय.

बाळ झालं त्याच दिवशी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवसाच्या घरभेटीचे रिमाइंडर लावून टाका, घरी डिलिव्हरी झाली असेल तर पहिल्या दिवशीची भेट जास्तीची.

आशाच्या किटमधलं घड्याळ बंद पडलं तर बाळाचा श्वास मोजायला स्टॉपवॉच लावा, पण आधी फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर चाळीसपर्यंत मोजत आलं की नेमका मीटिंगचा फोन येतो. बाळ शांत असताना पोटाकडं बघत पूर्ण १ मिनिट मोजायचं, ३० सेकंदाचं दुप्पट नाही, लहान बाळाचा श्वास एकसारखा नसतो. २ महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त भरले तर परत मोजा, परत तेवढेच आले तर थांबू नका, लगेच १०८ लावा.

अन ग्रुपवर भेटीचा फोटो मागतात तेव्हा बाईचा चेहरा टाकू नका, मी वजनकाट्याचा आकडा तेवढा काढून टाकते.