लेझर-पीलला जाण्याआधी, कोकणातलं ऊन लक्षात घेऊन

वैशाखातल्या लग्नासाठी चैत्रात पील (रसायन लावून कातडीचा वरचा थर सोलणं) किंवा लेझर ठरवत असाल, तर आधी तारीख बदला. माझ्या मावसबहिणीने लग्नाच्या दहा दिवस आधी पील केलं आणि चौथ्या दिवशी आंबे उतरवायच्या गडबडीत दुपारभर बागेत उभी राहिली. गालांवर उठलेले काळे पट्टे गणपती आले तरी गेले नव्हते. आपल्या सावळ्या, गव्हाळ त्वचेला हाच मोठा धोका: जरा भाजली, सोलली की ती काळवंडते. केस काढायचं लेझर केसातल्या काळ्या रंगावर काम करतं, आणि तोच रंग आपल्या कातडीतही असतो. म्हणून यंत्र कोणतं ते विचाराच. सावळ्या रंगाला १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग नावाचं लेझर त्यातल्या त्यात सुरक्षित. वांग असेल तर जास्तच जपा, लेझरनंतर ते गडद होऊन परतू शकतं.

महिनाभर आधीपासून एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्तीचं सनस्क्रीन, छत्री, सुती ओढणी. पावसाळा मला त्यातल्या त्यात बरा वाटतो, पण ढगाळ दिवशीही सनस्क्रीन हवंच. आंब्याचा चीक उतला असेल किंवा काजूच्या टरफलाच्या तेलाने कातडी भाजली असेल, तर ती पूर्ण बरी होऊ द्या. चेहऱ्याच्या पीलआधी आठवडाभर ब्लीच, थ्रेडिंग, वॅक्सिंग बंद.

घरातली प्रत्येक ट्यूब पिशवीत घालून न्या, विशेषतः मेडिकलमधून परस्पर आणलेली गोरं करणारी क्रीम. त्यांत स्टिरॉइड असू शकतं. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेतल्या असतील, ओठांवर वरचेवर पाण्याचे फोड येत असतील, कान टोचल्यावर गाठ धरली असेल, अ‍ॅस्पिरिन सोसत नसेल, दिवस गेले असतील, तर न विचारताही सांगा. लाजू नका.

त्वचारोगाचे डॉक्टर स्वतः हजर असतील का, डोळ्यांवर झाकण देतात का, आधी कानामागे छोटी चाचणी करतात का, हे फोनवरच विचारून घ्या. नंबर सकाळचा घ्या. दुपारनंतर गेलात आणि आग थांबली नाही, तर शेवटच्या एसटीच्या घाईत कुणाला दाखवायचं राहून जातं. निघताना डॉक्टरांचा मोबाइल नंबर लिहून घ्या. घरी फोड आलाच तर तो फोडू नका, हळद, तूप, टूथपेस्ट काही लावू नका; फोटो काढून त्यांना लगेच पाठवा.