बायोमायनिंगच्या ठेक्याला आव्हान देण्यापूर्वीची तयारी

जुन्या कचऱ्याचे बायोमायनिंग, म्हणजे साठलेला ढीग उपसून, चाळून, वेगळा करून त्यावर प्रक्रिया करण्याचा महापालिकेचा ठेका अपात्र निविदाकाराला गेला आहे, याबद्दल मागच्या वेळी आम्हाला शंका नव्हती, आणि तरीही उच्च न्यायालयात आम्ही पहिल्याच प्रश्नाला अडलो. आर्थिक लिफाफा (निविदेतील दरांचा भाग) उघडेपर्यंत तुम्ही गप्प का बसलात, असा तो प्रश्न होता. आम्ही अभियंत्यांना भेटून तक्रार केली होती, ई-मेलही पाठवला होता, पण त्याची पोच आमच्याकडे नव्हती. म्हणून या यादीत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येईल: लेखी हरकत, आर्थिक लिफाफा उघडण्यापूर्वी, आवक क्रमांकाच्या पोचेसह.

निविदा संच, बयाणा रकमेची (निविदेसोबत भरलेल्या अनामत रकमेची) पावती आणि भागीदारांचे किंवा संचालक मंडळाचे अधिकारपत्र जवळ असणारच. शुद्धिपत्रके मात्र तारखेच्या क्रमाने लावून घ्यावीत, कारण पात्रतेची अट बहुधा तिथेच बदललेली असते. अटच आक्षेपार्ह असेल तर तो आक्षेप निविदापूर्व बैठकीत, लेखी आणि पोच घेऊन नोंदवावा. अट मान्य करून निविदा भरायची आणि हरल्यावर अटीवर बोट ठेवायचे, हे न्यायालय सहसा ऐकून घेत नाही.

तांत्रिक लिफाफा (पात्रतेच्या कागदपत्रांचा भाग) उघडल्यापासून खरी घाई सुरू होते. महाटेंडर्स या राज्याच्या ई-निविदा पोर्टलवर प्रतिस्पर्ध्याची जी कागदपत्रे आणि मूल्यमापनाचा जो सारांश दिसेल, तो त्याच दिवशी, तारीख आणि वेळ दिसेल अशा रीतीने उतरवून ठेवावा. त्यातील अनुभवाचा दाखला शांतपणे वाचावा. दाखल्यातील टनांचा आकडा प्रक्रिया केलेल्या कचऱ्याचा आहे की नुसत्या उपसलेल्या? काम पूर्ण झाले आहे की चालू आहे? ते संयुक्त भागीदारीत केले असेल, तर त्यात या कंपनीचा वाटा किती होता? कचऱ्याचा ढीग मातीने झाकून बंद करणे म्हणजे बायोमायनिंग नव्हे, पण दाखल्यात ‘डंपिंग ग्राउंडचे शास्त्रशुद्ध काम’ एवढेच मोघम लिहिलेले असते आणि छाननी करणारा पुढे सरकतो. ज्या नगरपालिकेने दाखला दिला असेल, तिला थेट पत्र पाठवून खातरजमा मागावी. माहिती अधिकाराचा अर्जही करावा, पण त्याच्या उत्तराची वाट पाहत बसू नये. त्याची मुदत ३० दिवसांची असते, माहिती त्रयस्थ पक्षाची असल्यास ४० दिवसांची, आणि तेवढ्यात कार्यादेश (काम सुरू करण्याचा आदेश) निघालेला असतो.

आता हरकत. ती आयुक्तांच्या नावे असावी, प्रत निविदा समितीला द्यावी, आणि तिच्यात निविदेतील कलम क्रमांक, दाखल्यातील नेमके वाक्य आणि आपली मागणी एवढेच असावे. दर परवडणारा नाही, कंपनी नवखी आहे, कोणाचे तरी लागेबांधे आहेत, असे काही पुराव्याशिवाय लिहू नये, कारण त्याने मूळ मुद्दा पातळ होतो. ई-मेल पाठवावा, पोर्टलवर सोय असेल तर तिथेही नोंदवावी, पण एवढ्यावर थांबू नये. माणूस पाठवून आवक-जावक विभागात मूळ प्रत द्यावी आणि आपल्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि शक्य असेल तर वेळ घ्यावी. सोबत किती पाने जोडली, तेही पोचेवरच लिहून घ्यावे, नाहीतर दाखल्याची प्रत आम्हाला मिळालीच नव्हती, असे पुढे प्रतिज्ञापत्रावर सांगितले जाते. ‘साहेबांच्या टेबलावर ठेवून जा, नंतर शिक्का मारू’ असे कोणी म्हटले, तर तेथून हलू नये. स्वीकारायलाच नकार मिळाला, तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपावी. पोच नसेल, तर न्यायालयाच्या दृष्टीने हरकत घेतलेलीच नाही.

या घाईचे कारण कायद्यात आहे. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमात (स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट) २०१८ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, परिशिष्टातील पायाभूत प्रकल्पांना विलंब होईल असा मनाई हुकूम दिवाणी न्यायालयाला देता येत नाही, आणि त्या परिशिष्टात घनकचरा व्यवस्थापन आहे. उच्च न्यायालयातील रिट याचिकेतही (प्रशासनाच्या निर्णयाविरुद्धच्या याचिकेतही) हे भान ठेवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये एन. जी. प्रोजेक्ट्स प्रकरणात सांगितले. टाटा सेल्युलर प्रकरणापासून, म्हणजे १९९४ पासून, न्यायालय निर्णयापेक्षा तो घेण्याची प्रक्रिया तपासते. नागपूर मेट्रोच्या निविदेवरील २०१६ च्या अफकॉन्स निकालाप्रमाणे, निविदेतील अटीचा अर्थ लावण्याचा पहिला मान ती काढणाऱ्याचा असतो. म्हणजे ‘आमचा अर्थ अधिक बरोबर’ हा मुद्दा पुरत नाही. अट डावलली, मनमानी केली किंवा एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरा न्याय लावला, हे कागदावर दिसावे लागते. आणि वेळेत सांगूनही प्रशासनाने दुर्लक्ष केले, हे दाखवणारा कागद कोणता? तीच पोच.

आपण अपात्र ठरल्यावर बयाणा परत आला, तर हक्क अबाधित ठेवून तो स्वीकारत असल्याचे लगेच कळवावे, पोच घेऊन. निविदेची वैधता वाढवण्याचे पत्र आले, तर होकार द्यावा. स्थायी समितीच्या विषयपत्रिकेवर, आणि प्रशासक नेमलेला असेल तर त्यांच्या ठरावांवर, रोज नजर ठेवावी.

याचिकेचे थोडक्यात सांगतो. वकील हरकतीच्या मसुद्यापासूनच सोबत असावा. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खालील या रिट याचिकेत यशस्वी निविदाकाराला प्रतिवादी करायलाच हवे. खंडपीठ नीट पाहावे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची प्रकरणे १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहेत. समोरच्याने कॅव्हेट (आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये, असा अर्ज) दाखल केले आहे का ते तपासावे, प्रती आधी बजावाव्यात, तातडीचे सर्क्युलेशन, म्हणजे लवकर सुनावणीची तारीख, घ्यावे. दरम्यान कार्यादेश निघाला, तर तो रद्द करण्याची मागणी दुरुस्तीने जोडावी. परिशिष्टांत तारखांचा तक्ता, पोर्टलवरील नोंदी, वादग्रस्त दाखला आणि हरकतीची शिक्क्यासह प्रत असावी. त्या प्रतीवरचा आवक क्रमांक वाचता येतो ना, हे झेरॉक्स काढताना तपासावे.