जुनी फोर-बाय-फोर घेताय? आधी खाली वाका

जुनी ऑफ-रोड गाडी घेऊन देखभाल घरीच करायची, तर खर्चाची खरी जागा गाडीच्या पोटाखाली असते. चकचकीत रंग आणि नवे टायर बघून भुलू नका.

१. शक्यतो लिव्हरने फोर-बाय-फोर (म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद) लागणारं, साधं मॉडेल निवडा. सर्व्हिस मॅन्युअल आणि सुटे भाग मिळतात का, हे गाडी बघायला जाण्याआधीच तपासा.

२. इंजिन थंड असताना सुरू करायला लावा. बॉनेट आधीच गरम लागलं तर कारण विचारा.

३. चॅसीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर ठीक; भद्द आवाज आला किंवा पापुद्रे सुटले तर गंज आत पोचलाय. खाली ताजा काळा रंग दिसला, तर मी तिथेच जास्त ठोकतो.

४. मालकाला विचारून डिफरन्शियलचा (एक्सलवरची गिअरांची पेटी, जी डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देते) वरचा, म्हणजे ऑइल भरायचा प्लग उघडा आणि बोट बुडवा. ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. बारीक चकाकणारी पूड थोडी चालते, पण धातूचे तुकडे आले तर गाडी सोडा. ट्रान्सफर केसचंही (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी) असंच बघा.

५. लो रेंज (जास्त जोराचे, कमी वेगाचे गिअर) टाकून पुढे-मागे चालवा. गिअर सुटता कामा नये.

मात्र सेंटर डिफरन्शियल (वळताना पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) नसेल तर फोर-बाय-फोर लावून कोरड्या डांबरी रस्त्यावर वळू नका, मातीवरच तपासा. पक्क्या रस्त्यावर चाकं घसरू शकत नाहीत आणि ताण थेट गिअरांवर येतो.