दृक्प्रत्ययवादाची मुळे निसर्गचित्रांच्या तुलनेतून कशी शोधावीत

दृक्प्रत्ययवाद (इम्प्रेशनिझम) म्हणजे क्षणभराचा प्रकाश आणि रंग जसे दिसले तसे मोकळ्या फटकाऱ्यांनी टिपणारी एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच चित्रशैली. तिची मुळे शोधताना सुरुवात तिचा प्रमुख चित्रकार क्लोद मोने याच्यापासून करू नये. आधी एकाच चित्रकाराने एकाच दृश्याची केलेली दोन चित्रे शेजारी शेजारी ठेवावीत. दोन निरनिराळ्या चित्रकारांपासून आरंभ केला, तर स्वभावभेद आणि काळभेद यांची सरमिसळ होते आणि नेमके काय बदलले ते हाती लागत नाही.

यासाठी फ्रेंच निसर्गचित्रकार कामीय कोरोच्या ‘नार्नीचा पूल’ या चित्रांची जोडी सर्वांत सोयीची आहे. इटलीत १८२६ साली त्याने प्रत्यक्ष जागेवर केलेले तैलरंगातील अभ्यासचित्र पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे, तर त्यावरून रंगवून १८२७ च्या सलों या पॅरिसमधील अधिकृत प्रदर्शनात मांडलेले मोठे चित्र ओटावाच्या नॅशनल गॅलरी ऑफ कॅनडामध्ये आहे. संग्रहालयांच्या संकेतस्थळांवरील प्रतिमा पडद्यावर मोठ्या करून प्रथम केवळ खालचा भाग पाहावा. अभ्यासचित्रात तेथे उघडी जमीन आहे आणि कुंचल्याचे फटकारे जसे पडले तसेच राहू दिले आहेत. मोठ्या चित्रात त्याच जागी नीटनेटकी वाट, मेंढरे, मेंढपाळ आणि छत्रीसारखे पाइन वृक्ष आले आहेत. पूल तोच असला, तरी त्यावरचे ऊन मला तरी पहिल्याच चित्रात खरे वाटते. अशी अभ्यासचित्रे त्या काळी चित्रकार सहसा स्वतःजवळच ठेवीत. लोकांसमोर जाई ते ‘पूर्ण’ चित्र.

हाच प्रयोग इंग्लिश चित्रकार जॉन कॉन्स्टेबलच्या १८२१ च्या ‘द हे वेन’वर करावा. पूर्ण चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आणि त्याच आकाराचे कच्चे चित्र त्याच शहरातील व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. (धातूच्या ट्यूबमधील रंगांमुळे चित्रकार घराबाहेर पडले, हे नेहमीचे विधान जपूनच स्वीकारावे, कारण त्या ट्यूबचे पेटंट १८४१ चे आहे आणि कोरो त्यापूर्वी पंधरा वर्षे उघड्यावर रंगवत होता.)

त्यानंतर १८६९ मध्ये मोने आणि त्याचा सहकारी चित्रकार रन्वार यांनी पॅरिसजवळच्या सेन नदीकाठच्या ‘ला ग्रनुयेर’ या स्नानस्थळी सोबतीने रंगवलेली चित्रे घ्यावीत व केवळ पाणी पाहावे. मोनेच्या चित्रात ते रुंद, आडव्या, एकमेकांत न मिसळलेल्या पट्ट्यांनी झाले आहे. रन्वारचे फटकारे अधिक हलके व पिसांसारखे आहेत. विशेष म्हणजे, त्याच वर्षीच्या एका पत्रात मोनेने तेथील आपल्या कामाला नुसते वाईट कच्चे आराखडे म्हटले असून, खरे चित्र अजून व्हायचेच आहे असे सुचवले आहे.

अखेरीस मोनेचेच १८७२ चे ‘इम्प्रेशन, सनराइज’ घ्यावे. मोने व त्याच्या सोबत्यांनी १८७४ मध्ये स्वतः भरवलेल्या प्रदर्शनात आराखड्यासारखे हेच काम पूर्ण चित्र म्हणून भिंतीवर लागले आणि एका टीकाकाराने त्याच्याच शीर्षकावरून थट्टेने साऱ्या गटाला ‘इम्प्रेशनिस्ट’ हे नाव दिले. त्याची प्रतिमा फोनवर कृष्णधवल करून पाहावी: नारिंगी सूर्य जवळजवळ नाहीसा होतो, कारण त्याची उजळता भोवतीच्या करड्या आकाशाइतकीच आहे आणि तो उठून दिसतो तो निव्वळ रंगामुळे. मग ‘नार्नीचा पूल’ कृष्णधवल करावा. त्यातील कमानी जशाच्या तशा उभ्या राहतात, कारण तेथे आकार रंगावर नव्हे, तर उजेड आणि सावलीच्या फरकावर उभा आहे.