एसईओचे शब्द पाठ न करता कसे समजून घ्यावेत

वेबसाइट चालवणाऱ्याच्या हाती दर महिन्याला एसईओचा, म्हणजे शोध-निकालांत वेबसाइट वर आणण्याच्या कामाचा, एक अहवाल पडतो. इम्प्रेशन्स वाढली, सरासरी स्थान घसरलं, बाउन्स रेट कमी झाला, इतक्या बॅकलिंक मिळाल्या. शब्द कानावरून गेलेले असतात, पण महिना चांगला गेला की वाईट, ते काही कळत नाही. मग आपण एखादी शब्दसूची उघडतो आणि अकारविल्हे लावलेले शंभरेक शब्द वाचून आठवड्याभरात विसरतो. मीही सुरुवातीला असंच केलं होतं. शब्द डोक्यात पक्के बसले ते एकच पान हाती धरून त्याचा माग काढल्यावर.

त्यासाठी दोन प्रश्न पुरतात. हा शब्द पानाच्या प्रवासात कुठे येतो? आणि तो आकडा असेल, तर त्याच्या छेदात काय आहे?

पायरी १: एक पान निवडा आणि रेघ ओढा

आपल्या वेबसाइटवरचं कोणतंही एक पान घ्या, शक्यतो सहा महिन्यांपेक्षा जुनं. कागदावर आडवी रेघ ओढून तिच्यावर पाच खुणा करा: क्रॉल, इंडेक्स, रँकिंग, क्लिक, कृती. सर्च इंजिनचा बॉट (पानं वाचत फिरणारा प्रोग्राम) पानापर्यंत येतो, पान साठ्यात नोंदलं जातं, एखाद्या शोधासाठी त्याला क्रम मिळतो, वाचक त्यावर क्लिक करतो आणि मग पानावर काहीतरी करतो.

क्लिकच्या खुणेवर एक उभी रेघ मारा. तिच्या डावीकडचं सगळं गूगल सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे शोधातली आपल्या वेबसाइटची कामगिरी दाखवणाऱ्या गूगलच्या साधनात, दिसतं. तिथे गेल्या १६ महिन्यांची आकडेवारी मिळते. उजवीकडचं गूगल अ‍ॅनालिटिक्ससारख्या साधनात दिसतं. एकात १२० क्लिक आणि दुसऱ्यात १०५ सेशन्स (भेटी) दिसली, तर लगेच घाबरू नका. दोन्ही साधनं वेगळ्या गोष्टी मोजतात. पान उघडण्याआधीच परत फिरलेला किंवा ट्रॅकिंगला नकार दिलेला वाचक पहिल्यात असतो, दुसऱ्यात नसतो.

पायरी २: क्रॉल आणि इंडेक्स यांची गल्लत थांबवा

माझ्या मते या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण इथली चूक पुढच्या सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवते.

क्रॉल म्हणजे बॉटने पान वाचून जाणं. इंडेक्स म्हणजे ते पान शोधाच्या साठ्यात घेणं. क्रॉल झालेलं प्रत्येक पान इंडेक्स होतंच असं नाही. सर्च कन्सोलमधल्या यूआरएल तपासणीत आपल्या पानाचा पत्ता टाका. पान इंडेक्समध्ये आहे की नाही, बॉट शेवटचा कधी येऊन गेला, हे तिथे लिहिलेलं असतं.

आता या खुणेभोवतीचे शब्द. रोबॉट्स फाइल बॉटला सांगते की कुठे जायचं आणि कुठे नाही. ही पद्धत सॉफ्टवेअर अभियंता मार्टिन कोस्टर यांनी १९९४ मध्ये सुचवली, पण तिला आरएफसी ९३०९ या नावाने लिखित मानकाचं रूप मिळालं ते थेट २०२२ मध्ये. साइटमॅप ही पानांच्या पत्त्यांची यादी. एका फाइलमध्ये जास्तीत जास्त ५०,००० पत्ते बसतात. साइटमॅपमुळे पान बॉटच्या नजरेस पडायला मदत होते, इंडेक्सची हमी मिळत नाही. नोइंडेक्स हा पानावर लावायचा आदेश: वाच, पण साठ्यात घेऊ नकोस.

रोबॉट्स फाइल आणि नोइंडेक्स यांच्यात एक फसवी गाठ आहे. पान शोधात दिसू नये म्हणून लोक दोन्ही लावतात. पण रोबॉट्स फाइलने बॉटला दारातच अडवलं, तर आतला नोइंडेक्स तो वाचणार कसा? दुसऱ्या कुणी त्या पानाची लिंक दिलेली असेल, तर नुसत्या पत्त्यावरून ते पान शोधात उगवू शकतं. पान लपवायचं असेल तर बॉटला आत येऊ द्या आणि नोइंडेक्स वाचू द्या.

उलट बाजूची चूक मी जवळून पाहिली आहे. एका वेबसाइटची नवी आवृत्ती तयार होत होती, तेव्हा तिच्यावर नोइंडेक्स लावलेलं होतं. ते योग्यच होतं. आवृत्ती सर्वांसाठी खुली झाली आणि ते काढायचं राहिलं. पुढचा महिनाभर आम्ही शीर्षकं बदलत राहिलो, मजकूर वाढवत राहिलो. रँकिंगच्या खुणेवर झटत होतो आणि अडचण इंडेक्सच्या खुणेवर होती. कागदावर रेघ ओढायची सवय मला तेव्हापासून लागली.

याच टप्प्यावर कॅनॉनिकल भेटतं. एकच मजकूर दोन-तीन पत्त्यांवर उघडत असेल, तर त्यांतला मुख्य पत्ता कोणता हे सांगणारी ही खूण. मोठ्या सर्च इंजिनांनी ती २००९ मध्ये स्वीकारली. गूगल तिला आदेश मानत नाही, सूचना मानतं. शिवाय सर्व्हरचे उत्तर-क्रमांक: २०० म्हणजे पान मिळालं, ३०१ म्हणजे कायमचं हललं, ३०२ म्हणजे तात्पुरतं हललं, ४०४ म्हणजे सापडलं नाही. पानाचा पत्ता कायमचा बदलताना ३०१ लावायला विसरू नका.

पायरी ३: रँकिंगचे शब्द तीन ढिगांत वाटा

पहिला ढीग वाचकाच्या बाजूचा. क्वेरी म्हणजे वाचकाने प्रत्यक्ष टाइप केलेला शोध. कीवर्ड म्हणजे आपण पान लिहिताना डोळ्यांसमोर ठेवलेला शब्दप्रयोग. दोन्ही एकच समजले जातात, पण सर्च कन्सोलमधली क्वेरींची यादी उघडली की आपला अंदाज आणि वाचकाची भाषा यांतलं अंतर दिसतं. सर्च इंटेंट म्हणजे त्या शोधामागचा हेतू. संगणकशास्त्रज्ञ आंद्रेई ब्रोडर यांनी २००२ मध्ये केलेली त्याची विभागणी अजून वापरात आहे: ठरावीक वेबसाइटवर पोहोचणं, माहिती मिळवणं, काही काम उरकणं. ‘पासवर्ड कसा बदलावा’ असं शोधणाऱ्याला विक्रीचं पान दाखवून उपयोग नाही, मग त्यात कीवर्ड कितीही वेळा येवो.

दुसरा ढीग पानावरचा, म्हणजे ऑन-पेज. टायटल टॅग, म्हणजे पानाचं निकालात दिसणारं शीर्षक, महत्त्वाचा. मेटा डिस्क्रिप्शन, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लिहिलेला छोटा सारांश, रँकिंग वाढवत नाही. निकालातल्या शीर्षकाखाली तो मजकूर दिसू शकतो आणि क्लिक करावंसं वाटायला मदत करतो, पण गूगल अनेकदा पानातलाच दुसरा उतारा उचलतं. मेटा कीवर्ड्स, म्हणजे कोडमधली कीवर्डची यादी, भरत बसू नका. वेब शोधाच्या रँकिंगसाठी ते वापरत नाही, हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केलं. पानाच्या वेगासाठी कोअर वेब व्हायटल्स आहेत: मुख्य मजकूर २.५ सेकंदांत दिसावा, स्पर्शाला प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत मिळावा आणि पान उघडताना मजकूर इकडेतिकडे सरकू नये.

तिसरा ढीग बाहेरचा, ऑफ-पेज. दुसऱ्या वेबसाइटने आपल्याला दिलेली लिंक ती बॅकलिंक, आणि ज्या शब्दांवर ती दिलेली आहे तो अँकर टेक्स्ट. लिंक म्हणजे शिफारस, पण वजनदार पानाची शिफारस जास्त वजनाची, हा पेजरँकमागचा विचार. गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी तो १९९८ मध्ये मांडला. नावातलं पेज हे आडनावावरून आलेलं आहे. नोफॉलो ही लिंकवरची खूण २००५ मध्ये आली: लिंक दिली आहे, पण ती शिफारस धरू नका. २०१९ मध्ये जाहिरातीच्या आणि वाचकांनी टाकलेल्या लिंकसाठी आणखी दोन खुणांची भर पडली.

डोमेन अथॉरिटीबद्दल मात्र सावध राहा. १ ते १०० मधला हा आकडा मॉझ या कंपनीचा आहे, गूगलचा नाही, आणि गूगल रँकिंगसाठी तो वापरत नाही. दोन वेबसाइटची ढोबळ तुलना करायला तो ठीक आहे. अहवालात यश म्हणून पहिल्याच ओळीत येत असेल, तर क्वेरी आणि क्लिक कुठे आहेत ते विचारा.

पायरी ४: प्रत्येक टक्क्याखालचा छेद शोधा

शाळेतले अंश आणि छेद इथे कामी येतात. इम्प्रेशन म्हणजे शोध-निकालात आपली लिंक दाखवली जाणं. क्लिक-थ्रू रेट, म्हणजे सीटीआर, हा क्लिक भागिले इम्प्रेशन्स.

एक उदाहरण स्वतः करून पाहा. आपलं पान एका क्वेरीसाठी चौथ्या स्थानावर आहे. महिन्यात १०० इम्प्रेशन्स, १० क्लिक. सीटीआर १० टक्के, सरासरी स्थान ४. पुढच्या महिन्यात तेच पान आणखी एका क्वेरीसाठी चाळिसाव्या स्थानावर दिसू लागलं आणि त्याची १०० इम्प्रेशन्स वाढली. जुनी क्वेरी जिथल्या तिथे. आता एकूण इम्प्रेशन्स २००, क्लिक तेच १०. सीटीआर ५ टक्क्यांवर आला आणि सरासरी स्थान २२ झालं. अहवाल म्हणेल, दोन्ही आकडे कोसळले. खरं तर एकही वाचक गेला नाही. पान नव्या जागी दिसू लागलं, एवढंच झालं. म्हणून सरासरी स्थान पूर्ण वेबसाइटसाठी पाहू नका. एक पान, एक क्वेरी, एवढं गाळून घ्या, तरच तो आकडा काही सांगतो.

पायरी ५: क्लिकनंतरचे शब्द, व्याख्येच्या तारखेसह

यूजर म्हणजे वाचक, सेशन म्हणजे त्याची एक भेट. अ‍ॅनालिटिक्समध्ये ३० मिनिटं काहीच हालचाल नसेल तर सेशन संपल्याचं सहसा धरलं जातं. एकच वाचक सकाळी आणि रात्री आला तर यूजर एक, सेशन्स दोन.

बाउन्स रेट हा शब्द तोच राहिला आणि अर्थ बदलला. जुन्या गूगल अ‍ॅनालिटिक्समध्ये एकच पान पाहून पुढे काहीही न करता निघून गेलेली भेट बाउन्स ठरायची. १ जुलै २०२३ पासून त्या आवृत्तीची जागा जीए४ ने, म्हणजे गूगल अ‍ॅनालिटिक्सच्या चौथ्या आवृत्तीने, घेतली. तिथे १० सेकंदांपेक्षा जास्त टिकलेली, किंवा किमान दोन पानं पाहिलेली, किंवा आपण ठरवलेली महत्त्वाची कृती झालेली भेट गुंतलेली मानली जाते. उरलेल्या त्या बाउन्स. पाच मिनिटं मन लावून एकच लेख वाचणारा वाचक जुन्या हिशेबात बाउन्स होता, नव्यात नाही. त्यामुळे २०२३ च्या आधीचा आणि नंतरचा बाउन्स रेट एकाच आलेखात जोडलेला दिसला, तर तो आलेख बाजूला ठेवा.

कन्व्हर्जन म्हणजे आपल्याला हवी असलेली कृती: नोंदणी, खरेदी, फॉर्म भरणं. कन्व्हर्जन रेट पाहताना छेदात सेशन्स आहेत की यूजर्स, हे आधी विचारा. १०० यूजर्सनी २०० भेटी दिल्या आणि १० जणांनी एकेकदा फॉर्म भरला, तर एकाच्या हिशेबात १० टक्के, दुसऱ्याच्या ५.

यूटीएम म्हणजे लिंकच्या शेवटी जोडलेली माहिती: वाचक कुठून, कोणत्या माध्यमातून, कोणत्या मोहिमेतून आला. नाव अर्चिन (Urchin) या कंपनीवरून आलेलं आहे, ती गूगलने २००५ मध्ये घेतली. यात कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं वेगळी मोजली जातात, म्हणून सगळं एकाच पद्धतीने लिहा. वेबसाइटच्या आतल्या लिंकना यूटीएम लावू नका, वाचक मुळात कुठून आला ती नोंद बिघडते.

पायरी ६: जाहिरातीचे शब्द

इथे फक्त भागाकार लक्षात ठेवा. सीपीसी: खर्च भागिले क्लिक. सीपीए: खर्च भागिले कन्व्हर्जन्स. सीपीएम: हजार इम्प्रेशन्सचा खर्च, यातला एम लॅटिनमधल्या हजारासाठीच्या शब्दाचा आहे, मिलियनचा नाही. रोआस म्हणजे जाहिरातीतून आलेली विक्री भागिले जाहिरातीचा खर्च. आरओआयमध्ये (गुंतवणुकीवरचा परतावा) अंशाला नफा असतो. रोआस उत्तम असूनही धंदा तोट्यात असू शकतो, तो याच फरकामुळे.

पायरी ७: अहवालातलं एक वाक्य उलगडा

शेवटचा अहवाल काढा आणि त्यातलं एकच वाक्य घ्या. समजा, ‘ऑरगॅनिक ट्रॅफिक २० टक्क्यांनी वाढला’. ऑरगॅनिक म्हणजे जाहिरातीशिवाय शोधातून आलेला. ट्रॅफिक म्हणजे इथे क्लिक, सेशन्स की यूजर्स? तुलना मागच्या महिन्याशी की मागच्या वर्षीच्या याच महिन्याशी? आणि वाढलेले लोक आपलं नाव टाइप करून आले की विषय शोधत आले? शेवटचा प्रश्न सर्च कन्सोलमध्ये दोन मिनिटांत सुटतो: क्वेरींच्या फिल्टरमध्ये आपलं नाव वगळा, दोन्ही कालावधी निवडा आणि क्लिकचा फरक पाहा.