म्हाताऱ्या कुत्र्याचे मागचे पाय अडखळतायत? या चुका टाळा

दहा-अकरा वर्षांचा लॅब्रेडॉर सकाळी उठताना पुढचे पाय रोवतो, पण मागचा भाग वर यायला वेळ लागतो. घरचे म्हणतात, "वय झालं त्याचं, चालायचंच." पहिली चूक इथेच होते, कारण वय म्हणजे निदान नव्हे. खुब्याचा संधिवात, गुडघ्यातला तुटलेला लिगामेंट (हाडं जोडून ठेवणारा पट्टा), कमरेत दबलेली नस, मणक्यातली सरकलेली चकती, मज्जारज्जूची झीज, गोचीड ताप, एखादी गाठ, यातलं काहीही असू शकतं. काहींवर गोळ्या पुरतात, काहींना शस्त्रक्रिया लागते, एखाद्यावर औषधच नाही.

म्हणून उपचाराआधी एका प्रश्नाचा छडा लावा: पाय दुखतोय, की पाय कुठे पडतोय हे त्याला कळत नाहीये?

दुखणारं कुत्रं सकाळी आखडलेलं असतं आणि चार पावलं टाकली की सैल होतं. जिन्यापाशी घुटमळतं, गाडीत उडी मारणं बंद करतं, पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम उचलतं, एकच सांधा चाटत बसतं. कण्हत मात्र बहुधा नाही. "जेवतोय, रडत नाही, म्हणजे दुखत नसेल" या समजुतीपायी कित्येक कुत्री वर्षानुवर्षं बिनऔषधाची राहतात.

नसांचं दुखणं वेगळं दिसतं. वळताना मागचा भाग झोकांड्या खातो, पाय एकमेकांत अडकतात, रस्त्यावर नखं खरखर घासत जातात. मागचा पंजा हातात घेऊन बघा. मधल्या दोन नखांची वरची बाजू झिजून सपाट झाली असेल, तर पाय पुरेसा उचलला जात नाहीये. मग त्याला सतरंजीवर उभं करा, पोटाखाली हात देऊन थोडा भार घ्या आणि पंजा उलटा करून त्याची वरची बाजू जमिनीला टेकवा. निरोगी कुत्रं तो लगेच सरळ करतं. दोन-तीन सेकंद पंजा तसाच राहिला, तर डॉक्टरांना हे आवर्जून सांगा.

दवाखान्यात गेल्यावर मात्र घरी लंगडणारा गडी ताठ चालू लागतो. भीतीने अंगात जोर येतो आणि दुखणं झाकलं जातं. त्यामुळे मोबाइलवर घरचे व्हिडिओ घेऊन जा: झोपेतून उठताना, मागून चालताना, वळताना, पायरी चढताना. त्यातून डॉक्टरांना टेबलावरच्या तपासणीत न दिसलेलं बरंच दिसतं.

पुढची चूक एक्स-रेची. मोठ्या जातीच्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या खुब्यात झीज दिसणं हे नवल नाही. ती दिसली की "सापडलं" म्हणून शोध थांबतो. पण फोटोतली झीज आणि प्रत्यक्ष वेदना यांचं प्रमाण जुळतंच असं नाही. एक्स-रेमध्ये हाड दिसतं, मज्जारज्जू आणि लिगामेंट दिसत नाहीत. एका पायाने अचानक लंगडणारं, बसताना तोच गुडघा बाहेर काढून बसणारं कुत्रं असेल तर गुडघा हाताने हलवून तपासायला सांगा. खुब्याच्या नावाखाली गुडघा सुटून जातो. मज्जारज्जूसाठी एमआरआय लागतो, आणि त्यासाठी भूल द्यावी लागते.

जर्मन शेफर्डच्या बाबतीत ही गल्लत हमखास होते, कारण खुब्याचा दोष आणि मज्जारज्जूची झीज दोन्ही या जातीत आढळतात. मज्जारज्जूची झीज म्हणजे डीजनरेटिव्ह मायलोपथी. ती साधारण आठ वर्षांनंतर सुरू होते, आधी एक पाय घासायला लागतो, मग दुसरा, आणि बऱ्याचदा सहा महिने ते वर्षभरात मागचे दोन्ही पाय निकामी होतात. त्यात वेदना नसते, त्यामुळे त्यावर वेदनाशामक गोळ्या देण्यात अर्थ नाही. २००९ मध्ये याचा संबंध एसओडी१ या जनुकातल्या दोषाशी असल्याचं कळलं. माणसांतल्या एएलएस या, स्नायू हळूहळू लुळे पाडणाऱ्या आजाराच्या काही प्रकारांतही याच जनुकात दोष असतो. डीएनए चाचणी धोका किती ते सांगते, तेवढ्यावर निदान होत नाही. औषध नसलं तरी रोजचं चालणं आणि फिजिओथेरपी यांनी पाय जास्त काळ टिकवता येतात. "आता काही होणार नाही" म्हणून त्याला बसवून ठेवणं हेच जास्त नुकसानीचं.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट विसरली जाते: गोचीड ताप. म्हातारं कुत्रं अचानक आखडलं, सुस्तावलं, हिरड्या पांढरट दिसल्या, तर संधिवाताच्या गोळ्या सुरू करण्याआधी रक्त तपासून घ्या, प्लेटलेट्ससकट.

औषधांच्या चुका सर्वांत महागात पडतात. घरातली कॉम्बिफ्लॅम म्हणजे आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर आपल्याकडे २००६ मध्ये बंदी आली ती मेलेली जनावरं खाणारी गिधाडं वाचवण्यासाठी. माणसांची गोळी आणि मलम मात्र प्रत्येक मेडिकलमध्ये आहे. मलम, बाम चोळणं निरुपद्रवी वाटतं, पण चोळलेलं सगळं कुत्रं चाटून पोटात घालतं.

स्टेरॉइडचं प्रकरण याहून फसवं. एका गोळीने कुत्रं दोन दिवसांत उड्या मारू लागतं, घरचे खूश, आणि मूळ दुखणं झाकलं जातं. त्यातच मेलोक्झिकॅमसारखं वेदनाशामक सुरू केलं तर पोटातून रक्तस्राव होऊ शकतो. ही दोन्ही एकत्र कधीच नकोत, एकातून दुसऱ्यावर जातानाही डॉक्टर सांगतील तेवढे दिवस मध्ये सोडा. मेलोक्झिकॅम किंवा कारप्रोफेन वजनाच्या हिशेबाने, जेवणानंतर, आणि आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची चाचणी) व यकृताच्या चाचण्या करून द्यावं. उलटी, काळी शी, जेवण टाकणं यातलं काही दिसलं तर गोळी थांबवून फोन करा. "आज जास्त लंगडतोय" म्हणून मनाने अर्धी गोळी वाढवू नका.

वजनाबद्दल लोक कानाडोळा करतात, पण स्वस्त आणि खात्रीचा उपाय हाच. ४८ लॅब्रेडॉरांवर जन्मभर चाललेल्या एका अभ्यासात एका गटाला २५ टक्के कमी खाणं दिलं होतं. २००२ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तो गट सरासरी १.८ वर्षं जास्त जगला आणि त्यांना संधिवाताच्या उपचारांची गरजही उशिरा पडली. बरगड्या हाताला सहज लागायला हव्यात. तूप-भात आणि आजीच्या हातची बिस्किटं हा घरातला नाजूक विषय आहे, पण तो काढावाच लागतो.

व्यायामात आठवडाभर बसवून ठेवून रविवारी टेकडीवर नेऊ नका. संधिवातात रोज तीन-चार छोटे फेरे बरे. चकती सरकली असेल तर मात्र काही आठवडे पिंजऱ्यात सक्तीची विश्रांती लागते; निदान चुकलं की सल्ला नेमका उलटा होतो. गुळगुळीत टाइल्सवर न घसरणाऱ्या चटया टाका, पंजातले केस आणि नखं कापत राहा.

काही तासांत दोन्ही पाय गेले तर सकाळची वाट बघू नका. मागच्या पायाचं बोट चिमटल्यावर पाय आखडला तरी कुत्र्याने मान वळवली नाही, तर वेदनाही जाणवत नाहीये. अशा वेळी शस्त्रक्रियेसाठी साधारण २४ ते ४८ तासच हातात असतात.

आडवं पडलेल्या कुत्र्याची "लघवी तर होतेय" म्हणून निश्चिंत राहू नका. थेंब थेंब गळणं म्हणजे बऱ्याचदा भरून ओसंडणारी लघवीची पिशवी असते, ती दाबून रिकामी करायला डॉक्टरांकडून शिकून घ्या. दर तीन-चार तासांनी कूस बदला. पावसाळ्यात मागचा भाग ओला राहिला तर माश्या बसून अळ्या पडतात, म्हणून तिथले केस बारीक कापा आणि दिवसातून दोनदा पुसून कोरडं करा.