सॉफ्टवेअर प्रकल्पाचं व्हिजन स्टेटमेंट: या चुका टाळा

‘शेतकऱ्यांसाठी जागतिक दर्जाचा, अत्याधुनिक, सर्वसमावेशक डिजिटल प्लॅटफॉर्म.’ दूध संकलनाच्या ॲपचं व्हिजन स्टेटमेंट, म्हणजे ते कोणासाठी आणि कशासाठी बनवायचं हे सांगणारं वाक्य, असं लिहिलं, तर टीमच्या हाती काहीच लागत नाही. तेच वाक्य पीकविम्याच्या किंवा बाजारभावाच्या ॲपला लावून पाहा. तिथेही जसंच्या तसं बसतं ना? मग ते खोडा.

विशेषणं काढली की कोणाची कोणती अडचण सोडवायची, हे लिहावंच लागतं. संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफवरून (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) दर ठरतो. पावती हरवली आणि दहा दिवसांनी बिल आलं, की आकड्यांवरून वाद होतो. म्हणून वाक्य असं लिहा: ‘केंद्रावर दूध घालणाऱ्या शेतकऱ्याला लिटर, फॅट, एसएनएफ आणि दर माप होताच मोबाईलवर दिसेल आणि बिल त्याच नोंदींवरून बनेल.’

यात केंद्रचालक किंवा दूध संघाचा उल्लेख नाही, तो मुद्दाम टाळला आहे. तिघांनाही पहिलं स्थान दिलं, की दोघांच्या मागण्या एकमेकींच्या आड आल्यावर निर्णय अडतो. केंद्रचालकाला नोंद नंतर दुरुस्त करायची मुभा हवी असते. शेतकऱ्याला एकदा दिसलेला आकडा गुपचूप बदललेला नको असतो. वाक्यात शेतकरी असेल तर उत्तर ठरलेलं: दुरुस्ती करता येईल, पण जुना आकडा, नवा आकडा आणि कारण त्याला दिसेल.

‘रिॲक्ट आणि क्लाउडवर आधारित’ वगैरे यात घालू नका, तंत्रज्ञान मध्येच बदलू शकतं. फीचरची यादी बॅकलॉगमध्ये, म्हणजे करायच्या कामांच्या यादीत ठेवा. ‘सहा महिन्यांत ५० केंद्रं’ असा टप्पा प्रॉडक्ट गोलमध्ये, म्हणजे प्रॉडक्टच्या पुढच्या उद्दिष्टात शोभतो. स्क्रम या कामाच्या पद्धतीच्या २०२० च्या गाईडनुसार प्रॉडक्ट गोल हा प्रॉडक्ट बॅकलॉगचाच भाग आहे.

बैठकीत दहा जणांनी मिळून वाक्य रचू नये. प्रत्येकाचा एकेक शब्द घुसतो आणि धार जाते. एकाने किंवा दोघांनी मसुदा लिहावा, बाकीच्यांनी हरकती सांगाव्यात.

मसुदा पक्का करण्याआधी बॅकलॉगमधल्या दोन वादग्रस्त मागण्या त्यावर तपासा. पशुखाद्याची उधारी ॲपमध्ये घ्यायची का? ती बिलातून कापली जात असेल, तर शेतकऱ्याला कपात दिसायला हवी, तेवढीच घ्या. खाद्याची ऑनलाइन विक्री मात्र बाहेर राहील. दोन्ही मागण्यांना वाक्य ‘हो’च म्हणत असेल, तर ते अजून ढिलं आहे.

शेवटी टीममधल्या पाच जणांकडून, एकमेकांना न विचारता, ते आठवणीतून लिहून घ्या. शब्द वेगळे चालतील. वापरणारा किंवा अडचण वेगळी आली तर वाक्य पुन्हा लिहा. पक्कं झालेलं वाक्य रीडमीच्या (कोडसोबतची प्रकल्पाची ओळख देणारी फाइल) पहिल्या ओळीत टाका.